सांडूनं केलेली सावली

गोपिकाबाईनं अट घातली ती सकाळच्या चहाला, आणि चहा निवायच्या आत ती पक्की झाली. सून शिवकन्या साक्षीला होती, लेक परमेश्वर उंबऱ्यात उभा होता, म्हणजे मागं फिरायची सोय कुणालाच उरली नाही.

"एक दुपार," गोपिकाबाई म्हणाली. "ह्या पत्र्याच्या डब्यात मला भर दुपारी झोप लागली, तर मी संगं येते. न्हाई लागली, तर डबा सर्जेरावला देऊन टाकायचा आन् फिरायचं नाव परत काढायचं न्हाई."

"कबूल," सांडू म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "लिंबाखाली लावतो गाडी. घोरशील तू."

"झाडाखाली न्हाई. झाडाची सावली झाडानं केलेली असती. मला तुमी केलेली पायजे. माळावर."

सांडूनं मिशीवरून हात फिरवला. ज्या माणसाचा सगळा जन्म उघड्यावर गेला, त्याला कुणी सावलीची परीक्षा द्यायला सांगतं का? हिनं आपल्याला सोपा पेपर दिला, असंच त्याला वाटलं.

डबा म्हणजे जीपमागं जोडायची दोन चाकांची गाडी. बियाण्याच्या कुठल्याशा कंपनीनं ती गावोगाव प्रचाराला फिरवली आणि मग भंगारात काढली. परमेश्वर जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये फिटर. त्यानं ती आणली, सुट्टीच्या दिवशी ठोकठाक करून रंगवली, आत पलंग आणि ओटा बसवला. दोन खिडक्या होत्या, छताला झरोका होता. आणि खरी गंमत दाराच्या अंगाला बाहेरून होती. तिथं एका लांब नळीत जाड कापड गुंडाळलेलं होतं. हँडल फिरवलं की कापड पुढं येई, दोन पायांवर उभं राही, आणि गाडीला चक्क पडवी फुटे. सांडूनं पहिल्या दिवशी ते हँडल वीस वेळा फिरवलं असेल. शेवटी शिवकन्या म्हणाली, "मामा, झिजंल ते."

हा सगळा खटाटोप बापासाठी होता. सांडूची चाळीस वर्षं मेंढरांमागं गेली. गोदाकाठावरून निघायचं, अंबड, राजूर, भोकरदन करत पार अजिंठ्याच्या डोंगराला लागायचं आणि परत फिरायचं. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यानं मेंढरं विकली, कुंभार पिंपळगावच्या अलीकडं चार एकर घेतलं, स्लॅबचं घर बांधलं. त्याला अकरा वर्षं झाली. त्या घरात त्याला सगळं मिळालं, पण करमलं नाही. जुन्या तळांवरून एकदा जाऊन यायचं, जिथं जिथं उतरलो तिथं तिथं एकेक मुक्काम करायचा, एवढी एकच गोष्ट त्याच्या मनानं धरली होती.

आणि एकट्यानं जायचं नव्हतं. परमेश्वर एकदा म्हणाला होता, "आण्णा, मी येतो संगं, आई राहील घरी." त्यावर सांडू ताडकन म्हणाला होता, "तिच्याबिगर तळ कशाचा?" हे त्यानं लेकाला सांगितलं. बायकोला सांगितलं नाही. ती काय सांगायची गोष्ट आहे का, असं त्याचं मत.

त्या दिवसांत रोज सकाळी घोड्यावर बिऱ्हाड लादून झालं की गोपिकाबाई एकच विचारायची, "आज कुठं उतरायचं?" सांडू एखाद्या ओढ्याचं नाव सांगायचा आणि मेंढरं हाकायचा. ती घोडं घेऊन दुसऱ्या वाटेनं पुढं जायची. तो पोचायचा तेव्हा कापडाचं पाल उभं असायचं, चूल पेटलेली असायची. घर झाल्यापासून तिनं तो प्रश्न विचारला नव्हता. घर जागचं हलतच नव्हतं, तर विचारणार काय?

रविवारी सकाळी सर्जेरावच्या ट्रॅक्टरला जोडून गाडी गावाबाहेरच्या माळावर आणली. सर्जेराव गावचा जुना बागाईतदार. ट्रॅक्टर त्यानं खुशीनं दिला, कारण गाडी त्याला मोसंबीच्या राखणीला हवीच होती आणि गोपिकाबाईची अट एव्हाना गावभर झाली होती.

परमेश्वरला पाळीवर जायचं होतं. मोटारसायकलला किक मारता मारता तो म्हणाला, "आण्णा, कापड लई ताठ ओढू नका. वारा सुटला की पयलं गुंडाळून घ्या. खिडक्या उघड्या ठेवा. आन् गॅस आत पेटवू नका."

"तू जल्दी जा," सांडू म्हणाला. "मला सावली शिकवून राह्यला का?"

लेक गेल्यावर सांडूनं आधी दिशा पाहिली. पालाला दार नसायचं, नुसतं तोंड असायचं. आता देवानं दार दिलंय तर ते घरासारखं पूर्वेलाच पाहिजे. शिवकन्येला हाताशी घेऊन त्यानं गाडी रेटली, दार बराबर उगवतीला केलं, चाकांना दगड लावले आणि नारळ फोडला. हँडल फिरवून पडवी काढली. कापड मधे थोडं सैल पडत होतं ते त्याला बघवेना. लग्नाच्या मंडपासारखं ते सरळ आणि ताठ दिसायला हवं होतं. तिन्ही बाजूंनी दोऱ्या ओढून त्यानं ते असं ताणलं की बोट मारल्यावर डफासारखं वाजलं.

"मामा, थोडी ढिली नको का?" शिवकन्या म्हणाली.

"दिसाया नको का बरी?" सांडू म्हणाला.

बाराच्या सुमाराला गोपिकाबाई आली. हातात पाण्याची कळशी, खांद्यावर टॉवेल. पडवीकडं तिनं एकदा वर पाहिलं, एकदा खाली खुंट्यांकडं पाहिलं, आणि काही न बोलता आत जाऊन पलंगावर आडवी झाली. तिच्या न बोलण्याची सांडूला सवय होती. पण आज ते जरा जास्त झालं असं त्याला वाटून गेलं.

वैशाखाच्या झळा आत येऊ नयेत म्हणून त्यानं दोन्ही खिडक्या घट्ट लावल्या. झरोकाही लावला. मग तिला खूश करावं म्हणून आत ओट्यावर चहा ठेवला. म्हणजे लेकानं जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं या गड्यानं तासाभरात करून टाकलं, आणि ते बायकोच्या प्रेमापोटी केलं, हे त्याहून वाईट.

चहा होईपर्यंत डब्यात उभं राहवेना. गोपिकाबाईनं चहा घेतला, पदरानं गळा पुसला आणि डोळे मिटले. मग उघडले. मग कूस बदलली.

"लागून राह्यली का?" सांडूनं दारातून विचारलं.

"लागंल," ती म्हणाली. "वाजले किती?"

एक वाजून गेला होता. सूर्य कलला तसा तो गाडीच्या पाठीमागं गेला. पडवी होती पूर्वेला, ऊन आलं पश्चिमेला. गाडीची ती सगळी लांब उघडी बाजू उन्हात तापायला लागली. सांडूनं मागं जाऊन पत्र्याला तळहात लावला आणि झटक्यानं काढून घेतला. पलंग आतून त्याच भिंतीला लागून होता. आपण बायकोला तव्याशेजारी निजवलंय हे त्याला तिथं उमगलं. गाडी फिरवावी तर त्यासाठी आधी सगळ्या दोऱ्या सोडाव्या लागणार होत्या. तो खुंटीशी वाकला आणि तेवढ्यात वारा आला.

माळावरून धुळीची एक वावटळ आली, फार मोठी नव्हती. पण ताठ ताणलेल्या कापडाखाली ती शिरली आणि तिला बाहेर पडायला वाटच मिळाली नाही. दोन खुंट्या उपटल्या, एका कोपऱ्याची पितळी कडी कापड फाडून उडाली, आणि अख्खी पडवी पायांसकट उचलली जाऊन धाडकन छपरावर पालथी पडली. डबा आतून घंटेसारखा वाजला.

मग आतून गोपिकाबाईचा आवाज आला, "गेलं का?"

"न्हाई," सांडू म्हणाला. "हाये. वर हाये."

शिवकन्येनं तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते.

सर्जेराव नेमका त्याच वेळी छत्री घेऊन बांधावरून येत होता. त्यानं छपरावरचं कापड पाहिलं, सांडूचं धुळीनं माखलेलं तोंड पाहिलं. "सांडूबा," तो म्हणाला, "डबा आजच नेऊ का सकाळी येऊ?"

सांडू चाकाला लावलेल्या दगडाशेजारी उन्हातच बसला. हातात एक उपटलेली खुंटी होती. ती त्यानं उलटसुलट करून पाहिली. किती तिरपी ठोकायची? दोरी आधी कोणत्या अंगाची ओढायची? वारा मावळतीचा असला तर कोपरा कोणता खाली ठेवायचा? एकाही प्रश्नाचं उत्तर त्याला येत नव्हतं. चाळीस वर्षं पालात राहिलेल्या माणसाला पाल उभं करता येत नव्हतं, कारण त्यानं ते एकदाही केलं नव्हतं. बापे मेंढरांबरोबर जायचे, बिऱ्हाड आणि पाल बायकांकडं. अशीच रीत होती. तो यायचा तेव्हा सावली तयार असायची. ती कुणी केली, कशी केली, हा विचार त्याला आज, सत्तरीच्या पुढं, भर उन्हात पहिल्यांदा आला. त्याला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

तो उठला आणि दारात जाऊन उभा राहिला.

"गोपे," तो म्हणाला, "तू कसं करत होतीस गं?"

गोपिकाबाई उठून बसली.

"आता इचारलं," ती म्हणाली. रागावलेली नव्हती. "परमेश्वर पोटात होता, आठवा महिना. जाफराबादच्या अलीकडं उतरलो होतो, नदीच्या वर. दुपारी वारा सुटला, कोपऱ्याची खुंटी निघाली. खाली सगळा खडक, दुसरी ठोकाया जागा न्हाई. मंग मी त्या दोरीवर बसले. पार दिवस कलंपर्यंत बसले. उठले असते तर पाल गेलं असतं, आन् त्यात सासूबाई तापानं पडलेल्या. तुमी आले, सावलीत बसले, पानी पेले. आन् काय म्हणाले, आठवतं का?"

सांडूला आठवलं. तेच तर वाईट होतं.

"भुरी मेंढी लंगडून राह्यली," तो हळू म्हणाला.

"तेच म्हणाले," गोपिकाबाई म्हणाली. "मेंढी बराबर आठवती."

बाहेर सर्जेराव आपली छत्री उघडझाप करत उभा होता. त्याला निघून जावंसं वाटत होतं, आणि थांबावंसंही वाटत होतं.

"सांग मला," सांडू म्हणाला. "तू उठू नको. हात लावू नको. नुसतं सांग, मी करतो."

ती परत आडवी झाली आणि तिथूनच तिनं हुकूम सोडायला सुरुवात केली. पहिला हुकूम असा की आधी कापड उतरवून गुंडाळा आणि मग गाडी फिरवा. लांब अंग उन्हाला द्यायचं नसतं. गाडीचं अरुंद टोक मावळतीला करायचं, म्हणजे भाजलं तर तेवढंच भाजतं, आणि वाराही दोन्ही अंगांनी निघून जातो.

"मंग खाली उतर, फिरवतो," सांडू म्हणाला.

"मी न्हाई उठत. तुमीच म्हणले उठू नको."

त्याला इलाज नव्हता. एका बाजूनं सांडू, दुसऱ्या बाजूनं शिवकन्या, आणि मधे, छत्री खाली ठेवून, गावचा बागाईतदार सर्जेराव. जो माणूस गाडी घेऊन जायला आला होता, तोच ती रेटायला लागला. आत गोपिकाबाई पलंगाची कड धरून बसली होती आणि खिडकीतून सांगत होती, "अजून. अजून थोडी. सर्जेरावभाऊ, जोर लावा, मोसंबी खाता ना."

गाडी फिरली. दार उत्तरेला आलं. दोन्ही खिडक्या आणि झरोका उघडला. पडवी पुन्हा निघाली, पण या वेळी पुढची कड कमरेएवढी खाली घेतली आणि एक कोपरा त्याहून खाली, म्हणजे वारा वरून घसरून जावा. कापड सैल ठेवलं. "पोटाला तटतटून बांधलं तर श्वास घेता येतो का?" असं आतून विचारलं गेलं. खुंट्या गाडीकडं पाय करून तिरप्या ठोकल्या. मावळतीच्या अंगाला गोणपाटाची कनात टांगली आणि शिवकन्येनं तिच्यावर कळशीतलं तांब्याभर पाणी मारलं. गॅस उचलून बाहेर, दूर, दगडांच्या आडोशाला नेला.

मग वारा आला, तोच भट्टीतला वारा. तो ओल्या गोणपाटातून गाळून पडवीत शिरला, दारातून आत गेला आणि वरच्या झरोक्यातून निघून गेला. सर्जेराव पडवीखाली वाकून शिरला, कपाळ पुसलं आणि नुसता "हं" म्हणाला. तेवढं पुरेसं होतं.

एकच अडचण राहिली होती. ज्या कोपऱ्याची कडी उडाली होती, तिथं दोरीची गाठ कापडालाच मारली होती, आणि खाली खुंटी धरत नव्हती. तिथं जमिनीत नेमका मुरूम होता. तीनदा ठोकली, तीनदा निघाली. सांडूनं शिवकन्येकडं पाहिलं, मग दोरीकडं पाहिलं. दोरीला पीळ घालून तो त्या टोकावर मांडी घालून बसला.

"मामा, मी दगड आणते," शिवकन्या म्हणाली.

"नको," सांडू म्हणाला. "तू घरी जा. जेवून घे. कनातीवर पानी मी मारीन."

त्याच्या वाट्याला सावली नव्हतीच. कोपरा खाली म्हणजे बसणारा उन्हात. सर्जेरावनं जाता जाता आपली छत्री उघडून त्याच्या हातात दिली आणि गाडीबद्दल एक अक्षरही न काढता तो बांधावरून निघून गेला.

सांडू बसला. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताशी शिवकन्येनं भरून ठेवलेली बादली आणि तांब्या. गोणपाट सुकायला लागलं की बसल्या जागेवरून पाणी भिरकावायचं. वाऱ्याचा झोत आला की दोरी खालून हिसका देई आणि तो सगळं वजन टाकून तिला धरून ठेवी. गुडघे ठणकत होते. अर्ध्या तासानं पायाला मुंग्या आल्या. त्याला उठावंसं वाटलं, आणि आठ महिन्यांचं पोट घेऊन खडकावर बसलेली एक बाई त्याला दिसली. त्या वेळी तिचं वय किती होतं, हेही त्याला नीट सांगता आलं नसतं. तो बसून राहिला.

कधीतरी त्याच्या लक्षात आलं की आतला पलंग करकरायचा थांबलाय. मग एक बारीक, एकसारखा आवाज यायला लागला. सांडूनं कान टवकारले. गोपिकाबाई घोरत होती. अगदी पहिल्यापासून ती घोरायची, आणि हे तिनं आजवर कधी कबूल केलं नव्हतं. सांडूचे डोळे भरून आले. धुळीनं आले असं म्हणायला तिथं ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं ते तसेच वाहू दिले.

चार वाजून गेल्यावर ती उठली. दारात उभी राहून तिनं केस सारखे केले, पडवीखाली आली आणि सतरंजीवर बसली. कळशी कलती करून पाणी प्याली. समोर उन्हात, छत्रीखाली, दोरीवर नवरा बसलेला होता. त्याचं नाक भाजून लाल झालं होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती माळाकडं पाहत राहिली.

"शेळी लंगडून राह्यली तिकडं," ती म्हणाली.

सांडूनं मान वळवून पाहिलं. माळ रिकामा होता. पार बांधापर्यंत शेळी काय, चिटपाखरू नव्हतं. तो परत बायकोकडं वळला. तिचं तोंड गंभीर होतं, पण ओठांचे कोपरे तिच्या ताब्यात नव्हते. मग दोघंही हसायला लागले, आणि सांडू इतका हसला की त्याच्याखालची दोरी सुटली आणि पडवीचा कोपरा फडफडायला लागला.

गोपिकाबाई उठली. तिनं सुटलेली दोरी धरली, जागा बदलून चार बोटं पलीकडं खुंटी टेकवली आणि दगडाचे दोन घाव घातले. खुंटी बसली.

"हितं धरती ना," सांडू म्हणाला. "मंग मला दुपारभर काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी बसले होते बराबर," ती म्हणाली. "मला झोप लागून राह्यली होती."

तिनं त्याला हात देऊन उठवलं, सावलीत आणून बसवलं, आणि त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत ती थांबली. मग पदर सारखा करून म्हणाली, "उद्या कुठं उतरायचं?"

सांडूनं तोंड पुसलं. अकरा वर्षं तो या प्रश्नासाठी गावांची, ओढ्यांची नावं मनात घोकत होता, आणि आता एकही आठवेना.

"जाफराबादच्या अलीकडं," तो म्हणाला. "नदीच्या वर. त्या खडकावर."

"तिथं खुंटी धरत न्हाई," गोपिकाबाई म्हणाली.

"म्हाईत हाये," सांडू म्हणाला. "मी बसतो."